भीतीचा रकाना

बाबा, जयभीम!

फोनवर तुम्ही "सगळं ठीक हाय" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र लिहून राहिले. पुण्यात मी मजेत हाय. जेवण वेळेवर होतं, आईला सांगा.

रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणींसोबत एक खेळ खेळते. कागदावर एक माणूस रचायचा आन् फासे टाकत त्याला जादूच्या राज्यात फिरवायचं. कुणी योद्धा झाली, कुणी चेटकीण. मी लोहार आन् शाहीर एकाच माणसात घातले. सगळ्या हसल्या, "असं कुणी असतं का?" मी म्हणलं, "देगलूरला हाय की! दिवसभर गेटाला वेल्डिंग मारतो आन् संध्याकाळी भीमगीतं गातो." माझा लोहार हातोड्यानं ठेका धरून गायला की किल्ल्याचं दार उघडतं. तुम्ही गेटावर धरता, तोच ठेका.

कागदावर एक रकाना असतो, हा माणूस कशाला भितो? बाबा, तुम्ही कशाला भिता? मला ठाऊकच न्हाई.

आई म्हणली, खोकल्यामुळं यंदा जयंतीला तुम्ही गायलाच न्हाईत. मी रकान्यात "आवाज जाणं" लिहिलं आन् लगेच खोडलं.

तिथं काय लिहू, तुम्हीच कळवा. पण आधी डॉक्टरला दाखवा.

तुमची लेक,
लुंबिनी