डिक्कीतला चाकू

अश्वजित दादा,

घाबरू नको, आई ठीक आहे. पवनीहून येता येता तिचा पदर माह्या स्कुटीच्या मागच्या चाकात गेला आन् गळ्याले फास बसला. डिक्कीत तू ठेवलेला तो बाजारातला घडीचा चाकू होता, त्यानंच पदर कापला. मान जराशी खरचटली, म्हणून डॉक्टरले दाखवाले नेऊन राहिली. आई तं गळ्याचं सोडून साडीचंच रडून राहिली, म्हणजे समजून घे.

'असलं खेळणं कायले आणलं, याच्यानं वांगंही कापत नाही' म्हणून मी तुले सगळ्यांसमोर हासली. तवापासून तू बोलून नाही राहिला. बोलू नको, पण जेवून घे. भात शिजला आहे, वरण गरम कर.

चाकू अजूनही वांगं कापाच्या कामाचा नाही. पदर कापता कापताच त्याचं पातं हालाले लागलं. टेबलावर उघडाच ठेवला आहे, मिटाले जाऊ नको, बोट कापशीन.

कोंढ्याच्या बाजारातून डिक्कीत ठेवाले तसाच दुसरा आण, स्वस्तातलाच. मामानं दिलेला चांगला चाकू आईनं जपून पेटीत ठेवला आहे. महागाचा आणशीन तं तोही तिथंच जाईन.

तृप्ती