ऐंशीला वायर काढायची

प्रिय हर्षला,

स्क्रूड्रायव्हर हातात धरून झुहेब थांबला. म्हणाला, "काकी, बंद करावा लागंल. चालू ठेवून बॅटरी नाय बदलता येत." मी बाबांकडे पाहिलं. बाबा अंगणात पाहत होते. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, तुझी कपडे वाळत घालायची दोरी आणि त्यावर माझा एक टॉवेल. झुहेबला घरी बोलवावं लागलं, कारण वायर काढून लॅपटॉप त्याच्या दुकानात न्यायचा म्हटलं तर तो दाराबाहेर पडायच्या आत बंद पडला असता. तसं होऊ नये म्हणून तर आपण सगळे एवढे जपत होतो.

पडद्यावरचं चित्र तुला पाठ आहे, तरी एकदा लिहू दे. पुन्हा ते दिसणार नाही. निळ्या शर्टातला एक माणूस, समोर उपडा केलेला मिक्सर, हातात पकड. त्या सकाळी साईनाथ चहा पिता पिता ते बघत बसला होता. भांडं ज्यावर बसतं ती रबरी चकती झिजली होती. नवी त्याने आदल्या दिवशीच साजगावहून आणली होती. तेवढ्यात कंपनीची बस आली. त्याने व्हिडिओ थांबवला आणि चपला घालता घालता म्हणाला, आई, संध्याकाळी करतो, तू हात लावू नको. दुपारी कंपनीतून फोन आला, छातीत दुखलं म्हणून. पुढचं तुला माहीत आहे. तू नवरा गमावलास, बाबांनी आणि मी मुलगा. बंद केला तर पासवर्ड मागेल आणि हे सगळं जाईल, असं तूच आम्हाला सांगितलंस. पडदा काळा झाला की नुसतं बोट फिरवायचं, हेही तूच शिकवलंस. बाबा रोज सकाळी बोट फिरवायचे. कधी म्हणायचे, हा बघ, अजून पकड घेऊनच बसलाय, आणि हसायचे. मिक्सर ओट्यावर तसाच. मी चटणी पाट्यावर वाटत होते. चकतीची पिशवी लॅपटॉपशेजारी होती, ती मी पुसण्यापुरती उचलायची.

वीज जाते म्हणून आम्ही वायर कधी काढली नाही. दहिवलीत वीज कशी जाते ते तुला सांगायला नको. सुरुवातीला तास तास जाऊनही पडदा टिकायचा. मग कमी कमी टिकू लागला. यंदा बोट फिरवायची जागा फुगून वर आली आणि झाकण नीट बसेना. झुहेबने पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला, हा रात्रंदिवस लावून ठेवलाय का. बॅटरी कायम भरलेली आणि कायम गरम राहिली की आतून फुगते, म्हणाला, आता घरात ठेवू नका, कधी पेटेल सांगता येत नाही. बाबांना ते पटेना. म्हणाले, "आमी तर वायरला हातसुदा लावला नाय. जीवापाड सांभाळलीय." झुहेब हळू म्हणाला, "म्हणूनच गेली, चांगोकाका."

कर बंद, असं मी म्हणाले. बाबा कधी म्हणालेच नसते, म्हणून मी म्हणाले. तो निळा शर्ट गेला. काही आवाज झाला नाही. मला वाटलं होतं काहीतरी आवाज होईल.

नवी बसवून झुहेबने चालू केला. साईनाथचं नाव आलं आणि खाली रिकामी चौकट. झुहेबने पासवर्ड विचारला. मी म्हणाले, सूनबाईला माहीत आहे. तिला फोन करा ना, तो म्हणाला. मी नको म्हणाले. बाबांनी त्या चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो माणूस गेला गं."

मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही.

जाताना झुहेबने सांगितलं ते लिहिते, कारण ते तुला लागेल. ऐंशीला वायर काढायची, म्हणजे बॅटरी ऐंशी टक्के भरली की. विसावर यायच्या आत लावायची. गादीवर, उशीवर ठेवायचा नाही, खालून हवा लागली पाहिजे. काही दिवस वापरायचा नसेल तर अर्धी भरून बंद ठेवायचा. पण नुसता ठेवू नका, वापरा, असं तो दोनदा म्हणाला. एवढं केलं तर पुष्कळ वर्षं जाईल. बाबा संध्याकाळी समोर खुर्ची टाकून आकडा बघत बसले, खाचरात पाणी किती चढलं ते बघायला बांधावर बसायचे तसे. ऐंशी झाल्यावर त्यांनी वायर काढली. हातात धरून ठेवली. लगेच खाली ठेवली नाही.

हर्षला, मागच्या आठवड्यात तुझी आई बाजारात भेटली. भाजी घेता घेता तिने धनेशचं सांगितलं. तुमच्या रिसॉर्टवर काम करतो, शांत आहे, तुला मागणी घातली आहे. आणि तू त्याला म्हणालीस, दहिवलीला दोन माणसं माझी वाट बघतात, त्यांचं दुसरं कोणी नाही. ते खरं आहे. तू दर रविवारी कळंबहून येतेस, ओढणीच्या टोकाने पडदा पुसतेस, जेवतेस आणि जातेस. त्या दिवशी तुझी आई भाजीच्या पिशवीवर मान वाकवून रडली. मी रडले नाही. घरी आले आणि झुहेबला फोन केला. हे पत्र त्यासाठी आहे. उद्या बाबा लॅपटॉप घेऊन तुझ्याकडे येतील. मी त्यांना पाठवते आहे, ते आपण होऊन येत नाहीत, हे तुला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेलच. पासवर्ड आम्हाला सांगू नको. आत जे आहे ते ठेव किंवा पुसून टाक, आणि त्याच्यावर तुझं बुकिंगचं काम कर. धनेशला हो म्हण. येत्या रविवारी येऊ नकोस. मला तू हवी आहेस, म्हणून लिहिते आहे. येऊ नकोस.

तुझीच,
वनिता
(आई म्हण, काकी म्हण. दोन्हीला ओ देईन.)

ता. क. सकाळी मिक्सरच्या आवाजाने जाग आली. बाबांनी जुनी चकती काढून नवी बसवली होती. ती उलटी फिरवून काढायची असते, म्हणाले, सरळ फिरवली तर आणखी घट्ट होते. नारळाची चटणी केली. तुझा डबा बॅगेत लॅपटॉपपासून वेगळा ठेवला आहे.