बव्हेरियाचे बारा कप

२ डिसेंबर, मंगळवार
आजपासून मी संग्राहक. तिसऱ्या सेमला इंजिनिअरिंग सोडल्यापासून जो तो विचारतो, पुढे काय? आता उत्तर आहे. जुन्या युरोपियन शोभेच्या वस्तू.
वल्लरी नागपूरला इंटिरिअर डिझाइन शिकते. घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. दिवाळीत शेजारच्या कुसुमबाईंच्या ओट्यावर म्हणाली होती, जुनी युरोपियन क्रोकरी तिला फार आवडते, फक्त सेट पूर्ण हवा. एक कप कमी असला तरी तो सेट नाही, नुसती भांडी. बोलताना माझ्याकडे बघत होती. (मध्ये कुसुमबाई बसल्या होत्या. तरी.)
संकल्प : १) रोज एक तास युरोप. २) राग आवरणे.

३ डिसेंबर
युरोप झाला नाही. लाइट गेली. लाइनमनशी भांडण.

९ डिसेंबर
सेलू. नत्थूभाऊ भंगारवाला. नागपूरच्या एका बंगल्यातलं सामान आलं होतं त्याच्याकडे. पांढरे कप-बशा, सोनेरी काठ, खाली निळा शिक्का : बव्हेरिया. चेहरा निर्विकार ठेवला. तज्ज्ञ असाच ठेवतात. नत्थूभाऊ म्हणाला, घेऊन जाय बाप्पा, कवाचे पडून राह्यले, एवढुशा कपात कोण चहा पिते? बदल्यात इंजिनिअरिंगची सगळी पुस्तकं दिली, ड्रॉइंग बोर्डासकट. त्यानं वर एक पितळी मेणबत्ती स्टँड आणि फ्रेंच घड्याळ दिलं. घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर बंद. फ्रान्समध्ये तेव्हा काहीतरी घडलं असावं.
घरी येऊन कप मोजले. अकरा.

१० डिसेंबर
हॉलमध्ये कूलरच्या जागी युरोपियन कॉर्नर उभारला. नानांनी, म्हणजे वडिलांनी, कप उचलून विचारलं, हा काय डोळे धुवायचा हाय बे? तडकलो. दुपारी बघतो तर मेणबत्ती स्टँडवर नानांचा टॉवेल वाळतोय. पुन्हा तडकलो. नाना म्हणाले, याचं नाव धीरज ठेवलं तीच चूक झाली.
आईला बजावलं : या कपांत चहा नाही, पाणी नाही, कोणी तोंड लावायचं नाही. आई म्हणाली, मंग आणले कायले? युरोप एका वाक्यात सांगता येत नाही.

११ डिसेंबर
पुन्हा सेलू. बारावा कप कुठे? नत्थूभाऊ म्हणे, तो पवनारच्या पुंडलिकरावनं नेला, भाजीवाला हाय, बी मोजाले पाह्यजे होता त्याले.
बव्हेरिया आणि मेथीचं बी. जेवलो नाही. (नंतर जेवलो. भरलं वांगं होतं.)

२८ डिसेंबर, रविवार
वल्लरी भेटली, किराणा दुकानासमोर! सांगून टाकलं, बारा कपांचा बव्हेरियन सेट आहे माझ्याकडे. म्हणाली, अरे वा, पूर्ण? मी म्हणालो, पूर्ण. म्हणाली, मग संक्रांतीला घरी आले की बघायला येते.
बघायला येते! आईबाबांना घेऊन येते असं म्हणाली नाही. पण ते एकदम कोणी म्हणत नसतं.

११ जानेवारी
पवनार. पुंडलिकराव ऐकेना. म्हणे, मापाचा हाय तो, एक कप मेथी म्हणजे बरोबर एक वाफा. मी आधी समजावलं, मग तडकलो, मग हात जोडले. त्यानं अट घातली, संक्रांतीले मजूर भेटत नाई, तू तीन दिवस सांभार उपटाले येजो, मंग नेजो तुहा कप. (सांभार म्हणजे कोथिंबीर.) घरी सांगितलं, संग्रहाच्या कामानं बाहेर जातोय.

१६ जानेवारी, शुक्रवार, सायंकाळी ६
तीन दिवस सांभार उपटला. पाठ माझी राहिलेली नाही. अंगाला असा वास की बसमधली बाई विचारते, जुडी कशी दिली? पण बारावा कप मिळाला! पुंडलिकरावनं वरून एक जुडीही दिली. वल्लरी परवा येणार. सेट पूर्ण. आयुष्य पूर्ण.

त्याच दिवशी, ७.४०
आईचं हळदीकुंकू होतं आज. युरोपियन कॉर्नरमध्ये घड्याळ आहे, स्टँड आहे, टॉवेल आहे. कप नाहीत.
आई खुशीत. म्हणाली, वाणाले चाळीस गाळण्या आणल्या होत्या, बाया आल्या एक्कावन. ऐन टायमाले काय करू? मंग तुह्ये कप लुटले. कोणी तोंडही लावेल नव्हतं, वाणाले तसंच कोरं लागते. अकरा बायांले अकरा, बरोबर पुरले पाह्य!
तडकायचं होतं. तडकता आलं नाही. सांभाराची जुडी ओट्यावर ठेवली.

१७ जानेवारी
वल्लरीला मेसेज : सेटचं पॉलिशिंग सुरू आहे, रथसप्तमीला ये. तिनं अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे होकारच.
प्लॅन : अकरा घरं, अकरा कप, आठ दिवस. सोपं आहे.

१९ जानेवारी
कुसुमबाईंकडे गेलो. कपात दही विरजलेलं. म्हणाल्या, बाप्या माणूस वाण वापस मांगते काय रे? सांगू काय तुह्या मायले? आनंदाबाईंकडे गेलो. त्यांनी कप कालच्या त्यांच्या हळदीकुंकवात पुढे देऊन टाकलेला. विमलाबाईंनीही पुढे. म्हणजे कप फिरून राह्यलेत. रथसप्तमीपर्यंत आमच्या पिपरी मेघेतल्या सगळ्या बायका एकमेकींना वाण लुटणार, आणि मी पुरुष.

२१ जानेवारी
नवा प्लॅन. वाण बायकांनाच मिळतं, तर आईला पाठवायचं. रोज चार घरी. मी दारापर्यंत सोडतो. आईला वाटतं मी सुधारलो. शेजारणीला म्हणाली, आता आईची काळजी घेते माहा पोरगा.
आजची आवक : साबणदाणी, कंगवा, प्लास्टिकचा डबा, गाळणी. गाळणी आमचीच.

२२ जानेवारी
आवक : गाळण्या तीन. तिन्ही आमच्या. नाना म्हणाले, आता गाळण्यांचा सेट पुरा करतं काय? तडकलो. संकल्प क्रमांक दोन उद्यापासून.

२३ जानेवारी
वल्लरीच्या घरून आईला रविवारचं बोलावणं. वल्लरीला हलव्याचे दागिने घालणार आहेत. ते तर नव्या नवरीला घालतात. आईला विचारलं, वल्लरीला काऊन? आई म्हणाली, लग्न जमलं ना तिचं, पह्यली संक्रांत हाय. तुले नाई माहीत? पुण्याचा पोरगा, मिहिर नाव, दाताचा डॉक्टर. दात चांगले हायेत म्हणे त्याचे.
जमलं म्हणजे झालं असं नाही. पूर्ण सेट समोर पाहून माणसाचा विचार बदलू शकतो.
सेट सध्या एका कपाचा आहे.

२५ जानेवारी, रथसप्तमी, सकाळी १०
अंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट. स्टँडवरचा टॉवेल काढला. वल्लरीचा मेसेज : सॉरी, आज घरीच कार्यक्रम आहे, सेट नंतर कधी बघू. मी अंगठा पाठवला.

सायंकाळी ६.३०
आई वल्लरीकडून आली. म्हणाली, काय गोड दिसत होती पोरगी, हलव्याचा मुकुट, हलव्याचे बाजूबंद. मग पिशवीतून वाण काढलं. कप-बशी. सोनेरी काठ. निळा शिक्का. आमच्याच हळदीकुंकवात वल्लरीच्या आईच्या हाती पडलेला. त्या ठेवून घेणार होत्या, पण वल्लरीच म्हणाली म्हणे, एकटाच आहे गं, याचा सेट नाही, देऊन टाक.
म्हणजे आता दोन.
आईनं न विचारता दोन्ही कप विसळले, चहा ओतला. एक नानांना, एक मला. म्हणाली, लाव आता तोंड, यंदाचे हळदीकुंकू संपले. नाना माझ्याकडे बघत होते. डोळे धुण्याचं काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.
चहा दोन घोटांत संपला. आईला म्हटलं, स्टीलच्या ग्लासात दे.