डाव्या हातातला मोजा

प्रिय धाकट्या,

सात वर्षांनी ताईचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालशील. घाल, पण फाडू नकोस. फोन नंबर तू बदललास. हा पत्ता तुझ्या मित्राच्या हातापाया पडून मिळवलाय, आणि पत्र तोच आणून देणार आहे.

बाबांना पक्षाघात होऊन आज अकरा दिवस झाले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा चालतो. त्या हाताने ते एकसारखं उशाजवळच्या पत्र्याच्या मगावरचं चित्र दाखवतात. आपण दूध प्यायचो, तोच मग. त्यातून पाणी दिलं तर मान फिरवतात, उचलून नेला तर रडतात. आपले बाबा, रडतात! कालपर्यंत दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते. डॉक्टर म्हणाले, त्यांना काय हवंय ते आधी शोधा.

शोधायचं कुणी, तर मी. जुन्या खेळण्यांच्या दुकानात दिवसभर तेच करते ना! डबे, मग, बिल्ले तपासायचे आणि त्यांवर कुठल्या कॉमिकमधला कोण छापलाय त्याची चिठ्ठी लावायची. मोठे नायक कुणीही ओळखतं; दोन-चार अंकांत येऊन गेलेली पात्रं माझ्या टेबलावर येतात. पण घरच्याच मगापाशी माझं घोडं अडलं. चेहरा घासून गेलेला, तांबडा झगा तेवढा शिल्लक. तांबडा झगा म्हणजे वीजमल्ल, असं धरून मी त्याचे सगळे जुने अंक बाबांपुढे मांडले. त्यांनी ते ढकलून दिले. आई म्हणाली, "अगं, तुला चित्रंच ओळखता येतात का फक्त?" फार लागलं मला ते.

काल तो मग विसळताना तू आठवलास. "ताई, झग्यावर जाऊ नकोस, हात बघ," म्हणायचास. कारखानेवाले पत्र्यावर दोनच रंग छापायचे, म्हणून सगळ्यांचेच झगे तांबडे. रोज दुसऱ्यांना हे सांगणारी मी, घरात फसले. भिंग लावलं. उजवा हात उघडा, डाव्या हातात मोजा. असा एकच मोजा घालणारा एकच होता. चार अंकांपुरता आलेला, धुरातून निसटणारा खलनायक. धुक्या.

खेळात वीजमल्ल नेहमी मी व्हायचे आणि धाकटा म्हणून धुक्या तुझ्या गळ्यात. अभ्यास टाकून माळ्यावर लपलास की बाबा खालून ओरडायचे, "धुक्या, उतर खाली!" तुझं खरं नाव ते फक्त संतापले की घ्यायचे. तुला घराबाहेर काढलं त्या दिवशी घेतलं, ते शेवटचं.

मी त्यांच्या कानाशी नुसतं म्हटलं, "धुक्या?" मगावरचं बोट उचललं गेलं आणि दाराकडे वळलं. तेव्हापासून ते तिथेच आहे. डॉक्टर फार दिवस देत नाहीत, रे. मला दुसरं काही सुचलं नाही. मी सांगून टाकलं, तो निघालाय म्हणून. त्यावर त्यांनी चार चमचे दूध घेतलं.

मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
ताई