बाईंच्या पाटीवरचं टिंब

अहो, चष्मा सापडला का? की तिथेही कपाळावर चढवून ठेवलाय आणि सगळ्यांना पलंगाखाली वाकायला लावलंय? तुमच्या विसरण्याचा मला चांगला अनुभव आहे. छत्री विसरायचात, गॅसवरचं दूध विसरायचात, आणि एकदा तर मला मंडईत कोबीच्या ढिगापाशी उभी करून स्कूटरवरून थेट कोथरूडला आलात. गाळ्यात पाट्यांची अक्षरं कापायच्या मशीनपाशी बसल्यावर तुम्हाला आठवलं म्हणे, की जाताना मागच्या सीटवर कोणीतरी होतं. तेव्हा कोण बोलतंय ते आधीच सांगून टाकते. मी तुमची बायको. बोलते मी, लिहिते आपली नात. तिला बजावलंय, मी बोलेन तसंच उतरवायचं, मध्ये शहाणपणा घालायचा नाही. तुमचीच नात आहे, त्यामुळे घालणारच.

बातमी अशी की घराला रंग दिला. रंगाऱ्याने दारावरची पाटी उतरवली, तर ती मागून पार कुजलेली. मुलगा म्हणाला, "आई, ऑनलाइन पितळेची मागवू या, छान दिसेल." मी म्हटलं, "पितळेची नको. यांच्या अक्षराच्या वळणातली हवी, आणि त्यावर माझंही नाव हवं." तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी स्कूटर शिकायची म्हणाले. "आता हे काय नवीन काढलंस?" नवीन कुठलं, जुनंच आहे. तुम्हाला नाही आठवणार, मीच आठवण करून देते. तुम्ही जेवताय, मी पोळी वाढते आहे, आणि वाढता वाढता विचारते, अहो, सगळ्या कोथरूडच्या दारांवर नावं लावलीत, आपल्या दारावर माझं का नाही? तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणता, "तुला वाचता येत नाही, तुला कशाला हवं?" आणि वर आमटी मागता. वाढली मी आमटी. काय करणार? पण त्या दिवसापासून दुसऱ्यांच्या दारावरच्या पाट्या बघितल्या की माझ्या पोटात दुखतं, ते अजून दुखतंय.

आणि त्या पाट्या सोलल्या कोणी होत्या? मी. तुमचं मशीन रेडियमच्या कागदावर सुरीने नुसती अक्षरांची कड कापायचं. मधला, बाजूचा सगळा नको असलेला भाग सुईने उचकटून काढायचा आणि अक्षरं तेवढी जागच्या जागी ठेवायची, हे काम दुपारभर माझं. लोकांच्या बायकांना साड्या यायच्या, मला तुम्ही रिकाम्या पेनात सुई बसवून दिलीत. आयुष्यात हातात धरलेलं एवढं एकच पेन, आणि त्यालाही निब नाही. तरी जपून ठेवलंय हो, रागावू नका. त्या पेनाने मी अक्षरांच्या पोटातला कचरा काढला, शेपट्या मोकळ्या केल्या, पण कुठलं अक्षर काय बोलतं ते मला कोणी सांगितलं नाही. वाटाणे सोलणाऱ्या बाईला उसळ कशी झाली ते कळू नये, तसं.

तुम्ही मात्र त्या मशीनशी बोलायचात. "हं, आता शहाण्यासारखं चाल," असं म्हणताना तुमचा आवाज इतका मऊ व्हायचा की मी पडद्याआडून ऐकत राहायची. माझ्याशी बोलताना "मीठ" आणि "किल्ली" यापलीकडे शब्द सापडायचे नाहीत. पण मशीन परवडलं. ते निदान चहा तरी मागत नव्हतं. चहा लागायचा बाईंना.

नाव नाही घेत मी, नातीला माहीत आहे कुठल्या बाई. कर्वेनगरच्या शाळेतल्या, मराठी शिकवणाऱ्या, इस्त्रीच्या सुती साडीतल्या. शाळेच्या पाट्या करून घ्यायला यायच्या आणि मग बसायच्या. तुम्ही दोघं एका कागदावर डोकी घालून अक्षराचं पोट केवढं असावं, दांडी किती जाड असावी, यावर तास तास बोलायचात. मी आत चहा उकळत असायची. एक दिवस मी सोललेली पाटी त्यांनी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, टिंब गेलं हो." वरचं एवढंसं गोल टिंब, ते माझ्या सुईला चिकटून कचऱ्यात गेलं होतं. तुम्ही त्यांच्यासमोर मला म्हणालात, "टिंब सांभाळायला वाचता यावं लागत नाही, लक्ष लागतं." मग त्याच म्हणाल्या, "वहिनी, बसा ना रोज अर्धा तास, मी शिकवते तुम्हाला." मी म्हटलं, "भाजी लागेल." आणि गेले आत. भाजी बिजी काही नव्हती गॅसवर.

असो. तर परवा नातीने कंबर कसली. मुलगा म्हणत होता, गाळा आता क्लासवाल्यांना भाड्याने द्यायचाय, मशीन भंगारात जाईल. "दादूस चालत असेल तर ठेवू," एवढी कबुली तिने बापाकडून घेतली. मशीनला ती दादूस म्हणते. पण तुमचा जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारवाल्याने नेलेला, त्याची वायरही त्याच्याबरोबर गेली, आणि तुमची अक्षरंसुद्धा त्याच्याच पोटात होती. आता तुमचं वळण आणायचं कुठून? तर म्हणे बाईंकडे. तुम्ही पेन्सिलीने काढलेली सगळी अक्षरं, चौकटीच्या कागदावर, त्यांना तपासायला दिली होतीत. त्यांनी तो कागद इतकी वर्षं घडी न मोडता ठेवला. मला सुई आणि त्यांना अख्खी बाराखडी! नात कर्वेनगरला जाऊन फोटो काढून आली. वर सांगते कशी, "आजी, त्यांनी लाल पेनने खुणा केल्यात. इथे लिहिलंय, ळ चं पोट मोठं करा." म्हणजे ज्या वळणावर मी मरत होते, त्यातही त्यांचा हात. आणि माझ्या नावात ते दोन पोटांचं अक्षर आहे, हे तुम्हाला निदान आठवत असेल. शिवाय बाईंनी निरोप धाडला, "माझी पाटी उन्हाने उडाली आहे, माझीही एक कर." कागद त्यांचा, मग पहिली पाटीही त्यांचीच.

मग खाली गाळ्यात जोडाजोडी सुरू झाली. नातीने लॅपटॉप उलटा-सुलटा करून बघितला. तुमच्या मशीनच्या पाठीला ते नऊ टाचण्यांचं तोंड आहे ना, ते बसेल अशी जागा त्याला कुठेच नाही. "हे सिरियल पोर्ट, आजी. आता कोणी देतच नाही." ती विजेच्या सामानाच्या दुकानांत, तपकीर गल्लीत गेली आणि एक वायर घेऊन आली, एका टोकाला आजकालचं चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला तुमच्या काळचं. मधला दुभाष्या. लॅपटॉपला लगेच पटलं. मशीन ढिम्म. मग तिला कळलं, की एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला लावायची असते, आणि तिने बोलणारीला बोलणारी लावली होती. मी म्हटलं, "तोंडाला तोंड लावलंस तर भांडणच होणार. तुझ्या आजोबांना आणि मला विचार." तिने तारा उलट्या केल्या. आता मशीन नुसतं पीं पीं करून लाल दिवा दाखवायला लागलं. "हा भरभर बोलतोय आणि ते सावकाश ऐकतंय. दोघांचा वेग एक हवा." तिने लॅपटॉपला समजावून सांगितलं, हळू बोल, समोर म्हातारं माणूस आहे.

आणि सुरी हलली हो. तोच आवाज, आधी घशात खाकरल्यासारखा आणि मग सर्र सर्र. मी तिथे पाटावर बसले होते, ती तशीच पुढे सरकले. बाईंच्या नावाची पहिली अक्षरं शहाण्यासारखी आली आणि मध्येच सुरी सुटली, कोंबडीमागे कुत्रं लागावं तशी कागदभर पळाली. नात रडकुंडीला आली. "आजी, बघ ना कसलं गिचमिड झालंय, काहीच लागत नाही!" मी म्हटलं, "मला जन्मभर सगळं असंच दिसलं. तुला एक दिवस दिसलं तर डोळ्यांत पाणी?" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की वरून मुलगा बघायला आला, चाललं काय आहे.

चूक तिलाच सापडली. मशीनचं पोट लहान, लॅपटॉप वाढतच सुटलेला. पोट भरलं की मशीन थांब म्हणतं, पण ते थांब सांगायची तारच तिने जोडली नव्हती. "म्हणजे," मी म्हटलं, "पानावर आडवा धरलेला हात दिसत नव्हता." ती म्हणाली, "अगदी तेच!" मग मला आमच्या पंगती आठवल्या. तुम्ही हात आडवा धरायचात आणि मी दोन बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची. आग्रह म्हणजे माया, असं आम्हाला शिकवलेलं. तुम्ही गप्प खायचात आणि मग गाळ्यात जाऊन बसायचात. आता वाटतं, तुम्ही नको म्हणत होतात ते जिलबीलाच म्हणत होतात की नाही, कोण जाणे. पण मशीनपाशी तुम्ही थोडं थोडं बोलायचात, त्याने थांब म्हटलं की थांबायचात, पुन्हा बोलायचात. त्याचा हात तुम्हाला बरोबर दिसायचा. मत्सर वाटायचा तो याचा.

ती तार जोडली आणि पाटी निघाली. बाईंचं नाव, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही अक्षर न चुकता. इतक्या वर्षांनी तुमच्या मशीनने तोंड उघडलं आणि पहिलं नाव घेतलं ते त्यांचं. घ्या! नात म्हणाली, "आजी, आता तुझं?" मी म्हटलं, "माझी काही घाई नाही." तिने ऐकलं नाही. दुसरा कागद लावला. आणि मी सुईचं पेन पदराला पुसून हातात घेतलं. माझं नाव लहान आहे, पटकन झालं. मी ते सोललं. दोन पोटांचं अक्षर आलं तेव्हा सुई आपोआप सावकाश झाली. पोट मोठं केलंय ते चांगलंच दिसतं, हे मला बाईंना सांगायचं नाही. तुम्हीही सांगू नका. मग तुमचंही कापलं आणि पाटी दारावर लागली. तुमचं नाव वर, माझं खाली, दोघांचं वळण एक. मशीन आता बाल्कनीत आहे, वर चादर घालून. मुलाने भंगारवाल्याला परत पाठवलं.

आता मला येता-जाता दारापाशी उभं राहायची सवय लागली आहे. वाचता येत नाही, पण बोट फिरवते. तपकीर गल्लीत कुठलंही जुनं कशालाही जोडून देतात म्हणे. तुमच्यापर्यंत पोचेल असं काही आहे का, ते नातीने विचारलं नाही, आणि मीही विचारायला सांगितलं नाही. म्हणून हे बोलून ठेवते आहे. ती विचारते आहे, "आजी, पत्ता काय घालू?" पत्ता कशाला? तुम्हाला पोचलं तर तुम्ही कुठेतरी ठेवून विसरणार. राहू दे इथेच.

एक राहिलं. बाईंची पाटीही मीच सोलली. मघापासून नात माझ्या अंगठ्याकडे बघते आहे. नखावर काळं, गोल काय चिकटलंय म्हणून. "आजी! हे त्यांच्या नावावरचं टिंब आहे का? सुईने उडालं की तू काढलंस?" लिही गं. काढलं. लक्ष देऊन काढलं.

बरं, आता हसू नकोस, ऐक. उद्या पाटी घेऊन कर्वेनगरला जाशील तेव्हा बरोबर अळूवड्या ने. तुझे आजोबा चहाबरोबर बाईंपुढे ठेवायचे त्याच, चिंचगूळ घातलेल्या. कच्चा उंडा दे, तळायचं त्यांचं त्या बघतील. नाही, थांब, आता त्यांना गॅसपाशी उभं राहवत नसेल. तळूनच दे, कुरकुरीत. आणि हे टिंब डब्याच्या झाकणावर चिकटव, म्हणजे त्यांना लगेच दिसेल.