बराकीतली घंटा

१६ जानेवारी, गुरुवार
बॅग भरली. कांदा-लसूण चटणीची बरणी सगळ्यांत वर — दोन दिवस कोकणातलं गोडं कालवण कोण खाणार! प्रसेनजीतचा पुन्हा फोन. 'आई, घर बंद करून दोघं कायमचे पुण्याला या. रविवारी नक्की सांगा.' निवांत विचार करायला म्हणून समुद्राकाठची ही दोन दिवसांची खोली त्यानंच ठरवून दिली. यांचं एकच पालुपद, 'तू म्हणशील तसं.' सून दीप्ती गुणी आहे. पण तिथं भांड्याला हात लावला की, 'आई, तुम्ही बसा हो.' जन्मभर मुलींचं वसतिगृह चालवलं मी. बसायचं तरी किती!

१७ जानेवारी, शुक्रवार
गगनबावड्याचा घाट उतरून दुपारी पोचलो. इंग्रजांच्या तोफखान्याची जुनी बराक, आता पाहुण्यांना खोल्या देतात. जाडजूड भिंती, गार खोली, खिडकीत समुद्र. छान! मालक विजयसिंह, आजऱ्याचे काजूवाले. माणूस भला, शिस्त शून्य. चादरींना सुरकुत्या. चारचा चहा साडेपाचला. मी बोलायला लागले तर हे दटावतात, 'गप की! आपण पावणं हाय हितं.'

१८ जानेवारी, शनिवार
पहाटे उठून पांघरुणांच्या घड्या घातल्या. सहा वाजले तरी चहाचा पत्ता नाही. व्हरांड्यात सैनिकांच्या वेळची पितळी घंटा. हात गेलाच — वसतिगृहातल्यासारखे दणदणीत टोल दिले!
सगळ्या खोल्यांतून माणसं बाहेर. शेजारच्या खोलीतल्या शिरोळच्या तानूबाई तर पिशवी काखेत मारूनच आल्या, 'पाणी आलं व्हय?' दर पुराला असंच निघायची सवय!
मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, 'पाणी नाही आलं. चहाही नाही आला.'
त्याच आधी हसल्या. 'मग बसलायसा कशाला? ठेवा की चहा!'
निवृत्तीनंतर असं कुणी बोललंच नव्हतं. पदर खोचला. सगळ्यांना चहा, पोहे, वर आपली चटणी. बरणी संपली.

१९ जानेवारी, रविवार
सकाळी विजयसिंह दारात. 'बाई, आज घंटा न्हाई व्हय? माणसं वाट बघत्यात की.' वाजवली.
निघताना म्हणाले, 'मॅनेजर टिकंना झालाय हितं.' 'चादरी बघूनच कळलं,' मी म्हटलं. हे गालात हसत होते.
पुण्याला फोन लावायचा होता. राहिला.

२० जानेवारी, सोमवार. कोल्हापूर.
प्रसेनजीतला सांगितलं — घर बंद करतोय. सामान मात्र घाटाखाली जाणार, बराकीत. एक तारखेपासून घंटा माझ्याकडे. हे चटणीचा मोठा डबा भरताहेत.