गोलच्या मागून मारलेली हाक

अण्णा, काल मी फुटबॉलची मॅच बघायला गेले होते. तुमचा विश्वास बसणार नाही, पण अगदी शेवटपर्यंत बसून बघितली. तुमची नात कॉलेजच्या संघात गोलकीपर आहे. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. हातपाय हुबेहूब तुमचे, लांबलचक आणि घरभर आपटणारे. नवं स्टेडियम सुरू झालंय, त्यातली ही पहिलीच स्पर्धा. गेल्या आठवड्यात चहा पिताना ती मला म्हणाली, "आई, तू माझ्या एकाही मॅचला आली नाहीस. तुला बोअर होतं ना? मान्य कर." मी सवयीनं हो म्हणणारच होते, पण तिचा चेहरा पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, "येते." मग पिंपळे सौदागरहून रिक्षा केली आणि वेळेच्या तासभर आधीच जाऊन बसले. काय थाट आहे, अण्णा! पाणी मारलेलं खरंखुरं गवत, नंबर घातलेल्या खुर्च्या, काहींचं तर प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. वेल्डरची मुलगी म्हणून मी आधी रेलिंगच्या जोडांवरून अंगठा फिरवला. दोन ठिकाणी तुम्ही नाक मुरडलं असतंत, बाकी काम पास.

आपल्या घरात आठवड्याला दोन सुट्ट्या होत्या आणि दोन्ही अर्ध्या. रविवारी मी घरी, तर तुम्ही कंपनीत. गुरुवारी एमआयडीसी बंद, तुम्ही मोकळे, तर मी शाळेत. कंपन्या-कंपन्यांच्या मॅचेस गुरुवारीच व्हायच्या, म्हणून तुम्हाला गोलमध्ये उभं राहिलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. सहावीत असताना तुमची फायनल आली आणि मी शाळा बुडवली. मी दप्तरासकट गोलच्या मागे उभी आहे. मॅच बरोबरीत आहे, संपत आली आहे. तुम्ही पाठमोरे, गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले. मला राहवत नाही, मी जिवाच्या आकांतानं ओरडते, "अण्णा!" तुम्ही मान वळवता, मी घाबरून खाली बसते, आणि बॉल तुमच्या पायांमधून येऊन माझ्या पुढ्यात जाळ्यात थांबतो. मी जी धूम ठोकली ती घरी येऊनच थांबले. संध्याकाळी आईनं विचारलं, "एवढा साधा बॉल सुटला कसा?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "ऊन आलं डोळ्यावर. दिसलाच न्हाई." पुढे कंपनीतले लोक चिडवायला लागले की त्यांनाही हेच उत्तर. हाक कुणाची होती ते तुम्हाला कळलंच नाही, असं मी धरून चालले. सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा तुमच्या मॅचला जायचं नाही, आपल्यामुळे तुम्ही हरायला नको. सुट्ट्या लागल्या की गुरुवारी बूट बांधता बांधता तुम्ही विचारायचात, "येतीस का गं?" मी म्हणायचे, "नको, कंटाळा येतो." तुम्ही "बरं" म्हणायचात आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारायचात. तुमचे गुडघे गेले आणि खेळ सुटला, तोवर हे असंच चाललं. लेकीच्या बाबतीतही मी तेच करत आले.

काल मी तोंडावर पदर दाबून बसले होते. शेजारी रहाटणीच्या एक बाई होत्या, नवऱ्याचं गॅरेज आहे, मुलगी आपल्याच संघात पुढे खेळते. त्यांचं ओरडणं क्षणभरही बंद नव्हतं. पहिल्या हाफमध्येच आपल्यावर गोल झाला. मी चकार शब्द काढला नव्हता, तरी झाला! मी कपाळाला हात लावला तर त्या म्हणाल्या, "अहो ताई, गोलकीपर आहे, गोल होणारच. भिंत थोडीच आहे? ओरडा की जरा, पोरगी कुणाची आहे?" दुसऱ्या हाफमध्ये ऊन कलतं झालं, थेट पोरीच्या डोळ्यांवर आलं. तिनं ग्लोव्हज कपाळावर आडवे धरले, आणि मी बसल्या जागी चरकले. त्या दिवशी मी तुमच्या मागे उभी होते तेव्हा माझी मान उन्हानं तापली होती. माझी सावली जाळ्यातून पार तुमच्या बुटांपर्यंत पडली होती. ऊन तुमच्या पाठीवर होतं, अण्णा. समोरून येणाऱ्या बॉलकडे बघताना ते डोळ्यांवर येणार कुठून? हाक तुम्ही ऐकली होती, ओळखलीही होती, आणि माझं नाव यायला नको म्हणून जन्मभर उन्हाला बोल लावलात.

मग मात्र मी उठले आणि अशी बोंब ठोकली की पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातातले खारे दाणे सांडले. पोरीनं ढुंकूनही बघितलं नाही, झेप घेऊन बॉल वरच्यावर बाहेर घालवला. पुढे गॅरेजवाल्या बाईंच्या लेकीनं गोल मारला आणि मॅच बरोबरीत सुटली. आम्ही दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या गळ्यात पडलो. बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, "आई, तुझा आवाज तळवड्यापर्यंत गेला असेल." मी विचारलं, "लाज वाटली का गं?" तर म्हणते, "पुढच्या वेळी गोलच्या मागे बस. नीट ऐकू येईल."

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा निदान खरं तरी लिहिते. माझ्यामुळे फायनल गेली हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, आणि तरी तुम्ही दर वेळी विचारत राहिलात. मला कंटाळा कधीच येत नव्हता, अण्णा. तुम्ही सायकल काढलीत की मी खिडकीशी जायचे, आणि तुम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहायचे.